डोमकावळ्यांनी नेलेली कलेजी

माझ्या सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही हं. उत्तर अमेरिकेतल्या आम्हा अनिशिनाबे आदिवासींच्या जुन्या रिवाजात जावई आणि सासू एकमेकांशी थेट बोलत नाहीत, तो मान असतो. हल्लीची पोरं असलं काही पाळत नाहीत. पण फिलोमेनाबाई पाळतात, आणि त्या पाळतात म्हणून मलाही पाळावं लागतं. मला काही सुनवायचं असलं की त्या चुलीवरच्या केटलीला सांगतात. मी उत्तर कुत्र्याला देतो. कुत्रा आता म्हातारा झालाय, त्याला आम्हा दोघांचा कंटाळा आलेला आहे.

"केटलीबाई," त्या म्हणतात, "काही घरांत पुरुष शिकारीला जातात आणि बायका कांदे चिरतात म्हणे."

"ऐकलंस का रे," मी कुत्र्याला म्हणतो, "काही घरांत नेम बायकोचा चांगला असतो. त्याला कोण काय करणार?"

आणि खोटं काय आहे त्यात? माझी बायको एल्विना मूस, म्हणजे ते थोरल्या शिंगांचं रानजनावर, मारते आणि मी शिजवतो. मी आयुष्यात एकदाच गोळी झाडली, ती तिच्या चुलतभावाच्या, हेक्टरच्या होडीच्या मोटरला लागली. हेक्टर अजून वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोटर दाखवतो. "दाजींनी मारलेला एकमेव प्राणी," म्हणतो. हसा लेको. पण एल्विनाबद्दल कुणी हसत नाही. भूर्जाच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून ती मादीसारखी हाक घालते ना, तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो, मग तळ्यापलीकडच्या नराचं काय होत असेल! एका गोळीत काम. जनावराला दुसरी गोळी लागली असं तिच्या हातून कधी झालेलं मी पाहिलं नाही.

तिची बंदूक तिच्या वडिलांची, ओगस्टची. ते या सगळ्या तळ्याकाठचे नावाजलेले शिकारी. एल्विना एकोणीस वर्षांची असताना एका पानगळीत त्यांनी बंदूक तिच्या हातात ठेवली आणि परत कधी जंगलात गेले नाहीत. का, ते कुणालाच कळलं नाही. ते नंतर खिडकीपाशी बसायचे. मी लग्न करून त्या घरात गेलो तेव्हाही तिथंच बसलेले होते, आणि तिथं बसूनच गेले. सासूबाईंनी एकदा केटलीला सांगितलेलं मी ऐकलंय: "मी त्या माणसाला एकदा आंधळा म्हणाले होते, केटलीबाई. दुसऱ्या दिवशी त्यानं बंदूक खाली ठेवली." त्या दिवशी मी कुत्र्याला घेऊन बाहेर गेलो.

तर यंदाच्या ऑक्टोबरची गोष्ट. शनिवारी वस्तीच्या हॉलमध्ये आमच्या वारलेल्या माणसांचं जेवण होतं. दर पानगळीत असतं ते. सगळी वस्ती जमते, गेलेल्या माणसांसाठी ताटं वाढतात, मग आपण जेवतो. मूस एल्विनानं आणायचा, हे ठरलेलंच. त्यातली कलेजी वस्तीतल्या सर्वांत वयस्क माणसाला जाते, म्हणजे आमच्या घरीच, सासूबाईंना. ती मी तळतो. कांदा, डुकराची चरबी, मीठ, बाकी काही नाही. वर्षातून एकदा त्या केटलीला म्हणतात, "बरी झालीय." मी ते वर्षभर पुरवतो.

गुरुवारी पहाटे आम्ही होडीनं उत्तरेच्या खाडीत गेलो. धुकं होतं. एल्विनानं हाक घातली आणि गप्प बसली. पुन्हा घातली. मग पलीकडच्या काठावर फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं धुक्यातून नुसती शिंगं आमच्याकडे येताना दिसली. तो पोहत येत होता! एवढी खाडी, एवढं गार पाणी, आणि तो हाकेवर सरळ पोहत निघालेला. काठाला लागला, पाणी झाडलं आणि उभा राहिला. घोड्याहून उंच, लोंबतं नाक, गळ्याखाली लोंबणारी कातडीची झालर, तिला आम्ही घंटा म्हणतो. मी इतके मूस शिजवलेत, पण असा देखणा पाहिला नव्हता. एल्विनानंही क्षणभर बंदूक उचलली नाही, नुसतं पाहत राहिली.

मग एक गोळी. तिनं रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यापाशी मानाची तंबाखू ठेवली, त्याच्याशी हळू आवाजात बोलली, गळ्याची घंटा कापून झाडाच्या फांदीला बांधली. मी शेकोटी पेटवून चहा टाकला. ती पोट फाडायला बसली. मी साखर घालत होतो आणि तिच्या सुरीचा आवाज थांबला.

"क्लॅरेन्स."

मी गेलो. तिच्या हातात कलेजी होती. निरोगी मूसची कलेजी कशी असते ते मला कुणी सांगायला नको: गुळगुळीत, काळपट तांबडी. ही दुपटीनं सुजलेली, जागोजागी पांढऱ्या टणक गाठी, आणि मधून काजळी फासावी तसे काळे पट्टे. तिनं सुरीचं टोक एका गाठीत घातलं. आतून मळकट तपकिरी रस आला, आणि रसातून एक चपटा, जांभळट, अंगठ्याहून लांब किडा. भिजलेल्या पानासारखा. तो हलला.

"अरे देवा," मी म्हणालो.

"मागच्या वर्षीची पण अशीच होती."

"मागच्या वर्षी ती पाण्यात पडली म्हणालीस!"

"म्हणाले."

ती तशीच चिखलात बसून राहिली. बाहीवर काळं लागलं होतं, ते पुसायचंही तिला सुचेना. मांस तिनं नीट तपासलं होतं, ते लाल, स्वच्छ होतं, पाठीवर चरबीही चांगली होती. खराब होती ती फक्त कलेजी.

"माझ्यामुळे होतंय हे," ती म्हणाली. "तो रस्त्यावरचा आठवतो ना?"

मला आठवत होता. गेल्या वर्षीच्या वसंतात एक मूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि हिनं नवी कोरी गाडी खड्ड्यात घातली. खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ही ओरडली होती, "लंबनाक्या मेल्या, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?" मी हसून हसून वाकलो होतो. ती मात्र हसली नव्हती. आमच्याकडे जनावराला नावं ठेवत नाहीत. ते आपणहून तुमच्या हाती येतं. त्याचा अपमान केलात तर येत नाही, किंवा असं काहीतरी घेऊन येतं.

"शिवी दिली मी," ती म्हणाली, "आणि वर त्याच्या नाकाला नाव ठेवलं. आता दोन वर्षं मला हे मिळतंय. ही शेवटची, क्लॅरेन्स. शनिवारी बंदूक हेक्टरला देऊन टाकते."

एल्विनानं शिकार सोडायची? तिला तुम्ही जंगलात पाहिलेलं नाही. तिथं ती जशी असते तशी घरात नसते, हॉलमध्ये नसते, कुठेच नसते. मला एकदम ती खिडकी आठवली, आणि खिडकीतली रिकामी खुर्ची. काहीही होवो, माझ्या बायकोला त्या खुर्चीत बसलेलं मला पाहायचं नव्हतं.

"हेक्टरला तरी विचारू," मी म्हणालो. "त्याला कधी असं—"

"काय विचारणार? मला मिळालेलं जनावर वाईट निघालं, असं विचारणार? म्हणजे पुन्हा त्याला नावं ठेवायची?"

तिचं बरोबरच होतं. असं कुणी बोलतच नाही. एक तर मूसचा अपमान होतो, आणि दुसरं, आपलीच काहीतरी चूक झालीय हे गावभर होतं. आम्ही कलेजी शेवाळाखाली पुरली, वर तंबाखू ठेवली. "आईला सांग, डोमकावळ्यांनी नेली," एल्विना म्हणाली. खोटं बोलायचं काम नेहमी माझ्याच वाट्याला.

घरी सासूबाई चुलीपाशी तयारच होत्या. कांदे काढून ठेवलेले.

"केटलीबाई, तवा तापवायचा का आता?"

मी कुत्र्याकडे पाहिलं. "काय सांगू रे तुला. कलेजी डोमकावळ्यांनी नेली. आम्ही जरा पाठ फिरवली, तेवढ्यात."

आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. पण टोमणा आला नाही. सासूबाईंचा हात केटलीच्या कानावर तसाच राहिला. मग त्या उठल्या, एल्विनाजवळ गेल्या, तिची बाही धरली आणि तो काळा डाग अंगठ्यानं घासून पाहिला. डाग निघाला नाही. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. केटली उकळून उकळून चुलीवर सांडली. ती शेवटी मीच उतरवली.

शनिवारी सकाळी मी हॉलसाठी जंगली तांदूळ धूत होतो. एल्विना बादली घेऊन दारात उभी.

"चल, होडी काढ."

"कशाला?"

"ती उकरून आणायचीय."

"वेड लागलंय का तुला? हॉलमध्ये?"

"बंदूक सोडायचीच आहे ना मला? मग खोटं बोलून नाही सोडणार. बाबांसाठी ताट वाढलेलं असणार तिथं. त्यांच्या ताटापुढे डोमकावळे म्हणू?"

मी होडी काढली. रात्रीच्या थंडीनं शेवाळ कडक झालं होतं, कलेजी जशी पुरली तशी होती. परत येताना बादली माझ्या पायांशी होती, आणि ती पुढे बसून एकटीच पुटपुटत होती. मला वाटलं, कबुली पाठ करतेय.

हॉलमध्ये सगळी वस्ती. मूसचा रस्सा, तांदूळ, मासे, तव्यावरच्या जाड रोट्या, ब्लूबेरीचा मुरंबा. गेलेल्यांची ताटं खिडकीखालच्या टेबलावर. ओगस्टच्या ताटात सासूबाईंनी स्वतः वाढलं होतं. जेवणाआधी जनावर आणणाऱ्यानं उठून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचे, असं असतं. एल्विना दरवर्षी एक वाक्य बोलते आणि बसते. यंदा ती बादली आणि घोंगडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन पुढे गेली. हेक्टरनं माझ्या कुशीत कोपर मारलं. "दाजी, बादलीत काय? तुमची भाजी?"

"गप रे," मी म्हणालो.

"हा उत्तरेच्या खाडीतला," एल्विना म्हणाली. "मी दोनदा हाक घातली. दुसऱ्या हाकेला तो पाण्यात उतरला. वळसा घालून आला असता तरी चाललं असतं, पण तो सरळ पोहत आला. शिंगं एवढी की मला हात पसरून मापता आली नाहीत. पाठीवर बोटभर चरबी. या उन्हाळ्यात तो नीट जेवला, लढला, खांद्यावर दुसऱ्या नराच्या शिंगाच्या खुणा आहेत, आणि त्या भरून आलेल्या आहेत." तिनं बादली पुढे ओढली. "आणि हे सगळं त्यानं काय अंगात घेऊन केलं, ते तुम्ही बघा. माझी दाढ दुखली तेव्हा मी आठवडाभर अंथरुणात होते, क्लॅरेन्सला विचारा. हा हे घेऊन खाडी पोहला. मी इतकी वर्षं शिकार करतेय, इतकं जबरदस्त जनावर मला कधी मिळालं नाही. त्याच्यात काही खोट नव्हती."

आणि तिनं बादलीवरचं फडकं काढलं.

पुढच्या बाकांवरची माणसं उठून वाकली. मी सांगतो, मला त्या क्षणी तिचा केवढा अभिमान वाटला! नावं न ठेवता कसं सांगायचं, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. हिला होडीत बसून सुचलं. कबुली नव्हती ती, पठ्ठी मूसचं कौतुक पाठ करत होती!

कबुली नंतर आली. "खोट माझ्यात आहे," ती म्हणाली, आणि रस्त्यावरची सगळी हकिगत सांगितली, शिवीसकट. एक-दोघं नाकातल्या नाकात हसले. ती हसली नाही. "मागच्या वर्षीही असंच निघालं, मी लपवलं. आता मी शिकार करणार नाही." तिनं घोंगडी उलगडून बंदूक टेबलावर ठेवली. "हेक्टर, ही तू घे."

हेक्टर जागचा हलला नाही.

"हेक्टर?"

"मी कशी घेऊ?" तो म्हणाला. आवाज चिरकलेला. "दोन वर्षांपूर्वी त्याच खाडीत मलाही असलीच मिळाली. मी दगड बांधून तळ्यात सोडली. मला वाटलं... बहिणीच्या दुखवट्यात शिकारीला गेलो, म्हणून."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "माझी चार वर्षांपूर्वीची." दारापाशी उभा असलेला एक जण टोपी काढून म्हणाला, "दोनदा." आणखी एकानं नुसता हात वर केला. अरे, निम्मा हॉल! प्रत्येकानं आपापली कलेजी आपापल्या शेवाळाखाली पुरलेली, आणि प्रत्येकाला वाटतंय की पाप एकट्याचंच!

तेवढ्यात हेक्टरची मुलगी शार्लीन उभी राहिली. ती जंगल खात्यात जनावरांच्या आजारांचं काम करते. तिचं तोंड लाल झालं होतं.

"दोन वर्षं!" ती ओरडली. "दोन वर्षं मी घरोघर विचारतेय, कलेजीत काही दिसलं का, कलेजीत काही दिसलं का! बाबा, तुम्ही मला काय सांगितलंत?"

"फर्स्ट क्लास," हेक्टर खाली बघत म्हणाला.

"फर्स्ट क्लास! किडे आहेत ते, बाबा. हरणांच्या कलेजीत राहतात. हरणांना त्यांची सवय आहे, त्यांना फारसं होत नाही काही. जंगल तुटलं तशी हरणं वर आपल्याकडे आली, किडे घेऊन. त्यांची अंडी पाण्यात पडतात, दलदलीतल्या गोगलगाईत वाढतात, मग गवताला चिकटतात. मूस ते गवत खातो. त्याला हे झेपत नाही. मांसाला काही होत नाही, आपल्याला काही होत नाही, निवांत जेवा. पण मला कलेजी दाखवा! कुठल्या खाडीतली ते सांगा! आणि एल्विना आत्या, तू शिव्या दे नाहीतर गाणं म्हण, गोगलगाईला काही फरक पडत नाही."

आता मात्र हॉल हसला. एल्विना तेवढी हसत नव्हती. ती बंदुकीकडे बघत उभी होती. मनात इतके दिवस बसलेलं एका भाषणानं थोडंच उठतं? मला ठाऊक होतं, ती आता मान डोलावेल, घरी येईल, आणि तरीही शिकारीला जाणार नाही.

तेव्हा सासूबाई उठल्या. काठी टेकत खिडकीखालच्या टेबलापाशी गेल्या आणि ओगस्टच्या ताटासमोर उभ्या राहिल्या.

"ऐकलंस का?" त्या ताटाला म्हणाल्या. "तूसुद्धा मला डोमकावळेच सांगितलेस. मी म्हणाले, एवढी मोठी कलेजी डोळ्यांदेखत कावळे नेतात, आंधळा आहेस का? आणि तुझ्या सदऱ्याच्या बाहीला काळं होतं. मी दोनदा धुतलं, निघालं नाही. मला वाटत राहिलं, माझ्या जिभेनं तुला त्या खिडकीत बसवलं. तुला काय वाटत होतं, ते तू गेलास तरी बोलला नाहीस. आपल्याला वाटत होतं तसं काही नव्हतं रे. किडे होते."

त्यांनी ताटातली रोटी जरा सरळ केली, उगाचच. मग वळल्या आणि काठी टेकत सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी सवयीनं कुत्रा शोधायला लागलो. कुत्रा घरी होता.

"क्लॅरेन्स," त्या म्हणाल्या.

माझं नाव! लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"एक माणूस खिडकीत बसला तो मी बसू दिला. विचारलं नाही. तू तसं करू नकोस. ती बंदूक उचल आणि माझ्या मुलीच्या हातात दे. सोमवारी तिला खाडीवर घेऊन जा. नाही म्हणाली तरी ने."

मी पुढे झालो. टेबलावरून बंदूक उचलली आणि एल्विनासमोर धरली. तिचे डोळे भरले होते. मग तिनं हात पुढे केला आणि बंदूक घेतली.

मागे चहाच्या टेबलावर हॉलची मोठी केटली होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "बघितलंस ना, केटलीबाई? उलटी धरली होती त्यानं."